वंशावळीत नसलेली पणजी



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी वंशावळ आहे. कुणाकडे ती छापील कुलवृत्तांतात आहे, कुणाकडे आजोबांच्या हातच्या वहीत, तर कुणाकडे देवघराच्या फडताळात घडी करून ठेवलेल्या जाड कागदावर. सर्वांत वर मूळ पुरुष. तो कोकणातून, देशावरून किंवा कऱ्हाडकडून कोणा सरदाराच्या पदरी चाकरीला म्हणून इकडे आला. त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, असा विस्तार होत तो कागद आपल्यापर्यंत येतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवे अशा ठिकाणी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना या कागदाचा मोठा आधार असतो. आपण कोण, हे तो सांगतो.

पण साधा हिशेब करून पाहा. प्रत्येकाला आईवडील दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा मिळून आठ. त्या आठांपैकी आपल्या वंशावळीत असतो एक. त्याच्या मागच्या पिढीत सोळा माणसे येतात, आणि वंशावळीत तिथेही एकच. म्हणजे ज्याला आपण आपला सगळा पूर्वेतिहास समजतो, तो सोळांतल्या एकाचा असतो. उरलेल्या पंधरांत आठ बायका आहेत. त्यांपैकी बहुतेकींचे माहेरचे आडनाव सोडाच, पाळण्यातले नावही आपल्याला सांगता येत नाही.

अज्ञात पूर्वजाचा शोध म्हटले की आपल्यासमोर मूळ पुरुषाच्याही मागचा, अटकेपार गेलेला किंवा पानिपतावर पडलेला कोणी वीर उभा राहतो. आजचा विषय तो नाही. आपल्या अगदी जवळची, तीन पिढ्यांपलीकडची पणजी ही आपली खरी अज्ञात पूर्वज आहे. ती का हरवली आणि ती कुठे सापडते, एवढेच मी आज मांडणार आहे.

वंशावळ कशासाठी लिहीत

पूर्वजांच्या आठवणीसाठी वंशावळी लिहिल्या गेल्या, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ते खरे नसते. वतनाचा तंटा लागला की वादी-प्रतिवादी आपापली कैफियत लिहून देत आणि तिच्यासोबत वंशावळ जोडत. देशमुखी, कुलकर्णीपण, जोशीपण, इनाम जमीन यांत आपला वाटा किती, हे ठरवायचे तर आपण कोणाचे कोण हे दाखवावे लागे. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. मुंबई इलाख्यात, बेळगाव-धारवाडसह, घराघरांतून सनदा, ताकीदपत्रे आणि वंशावळी कचेरीत दाखल झाल्या. निजामाच्या राज्यातही इनामांची चौकशी होऊन मुंतखब दिले गेले. आज ज्या वंशावळी आपण भक्तिभावाने जपतो, त्यांतल्या कित्येकांचे मूळ अशा एखाद्या अर्जाच्या पुरवणीत असते.

हे ध्यानात घेतले की बायकांची नावे का नाहीत हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्याचा वाटा, त्याचे नाव. मुलीला वतनात वाटा नाही, सुनेला नाही, मग लिहिणाऱ्याने त्यांची नावे का लिहावीत? त्यात दुष्टावा नव्हता, आणि विसरही नव्हता. तो कागद त्या कामाचाच नव्हता.

याच नियमाची दुसरी बाजू संशोधकाच्या फार उपयोगाची आहे. जिथे बाईला काही हक्क होता, तिथे तिचे नाव हटकून सापडते. विभक्त कुटुंबातला पुरुष पुत्राविना वारला तर त्याच्या विधवेला हयातीपुरता मिळकतीचा अधिकार असे. ती दत्तक घेई, नेमणूक मागे, भाऊबंदांविरुद्ध फिर्याद करी. त्यामुळे दफ्तरात तिचे नाव येते, कधी माहेरच्या माणसांसकट, कारण तिच्या वतीने अर्ज घेऊन जाणारा बहुधा तिचा भाऊ असे. पाच मुलगे वाढवून सुखाने गेलेली सवाष्ण मात्र कागदात कुठेच नाही. ज्या बाईचा वंश चालला तिचे नाव गेले, आणि जिचा खुंटला तिचे राहिले, अशी ही उलटी गोष्ट आहे. म्हणून आपली पणजी सापडत नसेल, तर आधी तिची निपुत्रिक जाऊ किंवा नणंद शोधावी. तिच्या तंट्याच्या कागदांत सगळे घर भेटते.

राजघराण्यांतही हाच न्याय दिसतो. अहिल्याबाई होळकर चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या कन्या, बायजाबाई शिंदे कागलकर घाटग्यांच्या, गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या, हे आपल्याला तोंडपाठ असते. मराठा सरदार घराण्यांत सईबाई निंबाळकरांच्या आणि सोयराबाई मोहित्यांच्या, हे आवर्जून सांगितले जाते, कारण त्या सोयरिकींना राजकारणात वजन होते. माहेराला वजन होते तेवढ्यापुरतेच बाईचे माहेर इतिहासात उरले.

एकीची दोन नावे, दोघींचे एक नाव

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी तबकातल्या तांदळांत सुनेचे नवे नाव लिहिण्याची चाल होती. त्या क्षणी एका बाईच्या दोन बायका होतात, आणि शोध घेणाऱ्याला माहेरची मुलगी आणि सासरची सून यांची गाठ घालता येत नाही. कल्याणला १८६५ साली जन्मलेली यमुना पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची दुसरी एक यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी रमाबाई झाली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरी मणिकर्णिका तांबे होत्या. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या गोखले, आणि त्यांचेही मूळ नाव मनकर्णिकाच. या चौघींची दोन्ही नावे आपल्याला कळतात, कारण त्या प्रसिद्ध झाल्या. ज्या झाल्या नाहीत त्यांचे पहिले नाव मांडवातच राहिले.

याच्या उलट प्रकार बडोद्याच्या लोकांना ठाऊक आहे. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब तंजावरच्या मोहित्यांच्या कन्या, माहेरच्या लक्ष्मीबाई. १८८० साली त्या चिमणाबाई झाल्या आणि १८८५ साली निवर्तल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराजांचा दुसरा विवाह झाला. या देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई. त्यांचेही नाव चिमणाबाईच ठेवले गेले. रावपुऱ्यातला मनोरा पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ, आणि स्त्रियांच्या स्थितीवरचा १९११ चा इंग्रजी ग्रंथ दुसऱ्या चिमणाबाईंचा. राजघराण्याची दफ्तरे आहेत म्हणून आपण दोघींना वेगळे ओळखतो. साध्या घरात पहिली गेली, दुसरी आली आणि दोघींना एकच नाव मिळाले, तर नातवंडांच्या आठवणीत दोघींची मिळून एकच आजी होते. वंशावळीत थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा यांत पंधरा-वीस वर्षांचे अंतर दिसले की आई एकच होती का, ही शंका घ्यावी.

पुरुषांच्या बाबतीत हेच काम दत्तकविधान करते. सयाजीराव महाराज स्वतः कवळाण्याच्या काशीरावांचे पुत्र गोपाळराव. १८७५ साली ते खंडेरावांच्या गादीवर दत्तक आले. नानासाहेब पेशवे, झाशीचे दामोदरराव हेही दत्तकच. वंशावळीत दत्तक पुत्र औरसासारखा लिहिलेला असतो आणि त्याची जन्मदात्री आई त्या कागदाच्या बाहेर राहते.

घरातले पुरावे

शोधाला घरातून सुरुवात करावी. ज्या वस्तू जपणाऱ्याला त्या पुरावा आहेत हे ठाऊकच नव्हते, त्यांत कोणी खाडाखोड केलेली नसते.

देवघरातले टाक सासरच्या कुळाचे असतात, पण अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण पुष्कळ घरांत सुनेबरोबर माहेरून येतात. एका देवघरात तीन अन्नपूर्णा असतील तर त्या तीन सुनांच्या खुणा आहेत. जुनी पितळी-तांब्याची भांडी उलटी करून पाहावीत. लग्नातल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, कधी गाव आणि साल घातलेले असते. मोडीत घालण्यापूर्वी प्रत्येक भांड्याचा कडेचा मजकूर उतरून घ्यावा. आपल्या आडनावाशी न जुळणारे नाव सापडले तर ते पणजीचे वडील, भाऊ किंवा मामा असण्याचा संभव मोठा.

सर्वांत मोलाचा कागद मात्र तर्पणाचा. महालयात पिता, पितामह, प्रपितामह ही एक त्रयी. माता, पितामही, प्रपितामही ही दुसरी. आणि मग मातामह, म्हणजे आईचे वडील, त्यांचे वडील आणि आजोबा, सपत्नीक. या तिसऱ्या ओळीत आईच्या माहेरचे गोत्र उच्चारावे लागते. श्राद्ध करणाऱ्याला एवढी नावे पाठ राहत नाहीत, म्हणून तो ती कागदावर टिपून ठेवी. पंचांगाच्या मागच्या पानावर, पोथीच्या वेष्टनात किंवा हिशेबाच्या वहीत असे टाचण सापडते. आता विचार करा. आपल्या वडिलांच्या वडिलांनी स्वतःच्या तर्पणासाठी लिहिलेली यादी मिळाली, तर त्यांची माता म्हणजे आपली पणजी, आणि त्यांचे मातामह म्हणजे तिचे वडील. पणजीच्या माहेरच्या तीन पिढ्या आणि त्यांचे गोत्र एका चिठोऱ्यावर मिळते. वतनाच्या कागदाने जिला गाळले, तिला श्राद्धाच्या कागदाने ठेवले, कारण तिथे हक्क मिळकतीचा नव्हता, पिंडाचा होता.

या यादीत आडनाव नसते. पण एकाच गोत्रात, ओळीने तीन पिढ्यांची तीच तीन नावे हा जुळणीचा चांगला आधार आहे. छापील कुलवृत्तांतांत ती साखळी शोधता येते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे गणेश विनायक आणि विनायक गणेश आलटून पालटून येतात, म्हणून दोन नावे जुळली एवढ्यावर थांबू नये. तिसरे नाव आणि काळ, दोन्ही जुळले पाहिजेत.

घराबाहेर

घरानंतर क्षेत्रे. नाशिक, त्र्यंबक, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या नोंदी असतात. कोण आले, कोणाच्या अस्थी आणल्या, बरोबर कोण होते. हरिद्वारच्या वह्यांचे महत्त्व ओळखून अमेरिकेतील युटाच्या वंशशास्त्र संस्थेने त्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या. इथे जाताना मूळ गाव आणि आडनाव माहीत हवे, कारण वह्या त्यानुसार लावलेल्या असतात. गुजरातेतल्या मंडळींनी सिद्धपूर विसरू नये. पूर्वी बडोदे संस्थानात असलेले हे क्षेत्र मातृगया म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे बिंदुसरोवरावर आईचेच श्राद्ध होते. आपल्या घरातून तिथे कोण, कोणासाठी गेले होते, हे विचारण्यासारखे आहे.

ज्यांच्याकडे तर्पणाचे टाचण नाही त्यांनी निराश होऊ नये. बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात हेळवी घरोघर फिरून कुळांच्या नोंदी सांगत आले आहेत. गुजरातेत तेच काम वहीवंचा बारोट करतात. मराठा घरांत देवक आणि सोयरिकीची कुळे यांवरून माहेर हुडकता येते.

मग सरकारी कागद. इथे पुन्हा तोच नियम लागू होतो, आणि आपल्यातल्या दोन प्रांतांची स्थिती पुण्या-साताऱ्याहून चांगली आहे. बडोदे संस्थानात १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू झाले, आणि ते मुलींनाही होते. शाळेच्या रजिस्टरात मुलीचे नाव लग्नाआधीचे, वडिलांच्या नावासह लिहिलेले असते. ज्या पणजीचे शिक्षण बडोदे राज्यात झाले, तिचे माहेरचे नाव अशा जुन्या शाळेच्या कपाटात असू शकते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने पत्नीला मिळकतीत निम्मा वाटा आणि मुलींना वारसा मानला. त्यामुळे तिथल्या वारसाच्या कागदांत लेकीसुनांची नावे टाळता येत नाहीत. तिथल्या पोर्तुगीज काळातील जन्मनोंदणीत आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजीआजोबांचीही नावे घेत. वतनाच्या वंशावळीने जे केले नाही ते एका परक्या राजवटीच्या कारकुनाने केले. ब्रिटिश मुलखात १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा मिळाला, आणि १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला. त्या सालांनंतरचे फेरफार वाचले की आतापर्यंत मुके असलेले कागद एकाएकी बोलू लागतात. हक्क आला आणि नाव आले.

जुन्या कागदांसाठी मोडी यायला हवी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दांत जागा सोडत नाहीत आणि नावे आद्याक्षरांत आटोपतात, म्हणून एकट्याच्या वाचनावर विसंबू नये. कालगणनेचा घोटाळा टाळावा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, विक्रम संवतातून ५७ वजा करावे लागतात, सुहूर सनात ५९९ मिळवावे लागतात. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७५. तेव्हा ते १७७४-७५ साल. वर्ष मृगापासून बदलते, हे विसरले तर एक वर्ष चुकते, आणि एका वर्षाने पहिली बायको की दुसरी याचा निर्णय फिरतो.

सापडले ते तसेच लिहावे

बडोद्यात अनेक वर्षे नोकरी केलेल्या रियासतकार सरदेसायांनी पुढे पेशवे दफ्तरातून ४५ खंड निवडून काढले. राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतल्या माळ्यांवरचे रुमाल सोडत राहिले. ग्वाल्हेरीस आनंदराव भाऊ फाळके यांनी शिंदेशाहीची साधने छापली. या थोरांनी घालून दिलेली शिस्त घरच्या इतिहासालाही लागू आहे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, एक पिढीही ओलांडून उडी मारू नये. प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळाले हे लिहावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून लिहावी. ‘आमची पणजी पेशव्यांच्या नात्यातली’ असे प्रत्येक घरात म्हणतात. इतक्या पणज्यांना पुरतील एवढे पेशवे झाले नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा कोणी व्यासपीठावरून बोलत नाही. शोध घेताना जे सापडते ते नेहमी अभिमानाचे नसते. नवव्या वर्षी लग्न होऊन तेराव्या वर्षी बाळंतपणात गेलेली पहिली बायको सापडते. वंशावळीतून सोयीने गाळलेली बालविधवा सापडते, जिने आयुष्यभर त्याच घरात स्वयंपाक केला. कधी दुसऱ्या जातीची, लग्नाविना राहिलेली बाई सापडते, जिच्या मुलांना आडनाव मिळाले पण तिला जागा मिळाली नाही. अशा वेळी घरातले वडीलधारे म्हणतात, ‘कशाला उकरून काढायचे?’ त्यांच्या भावनेचा मान ठेवावा, हयात माणसांना दुखावेल असे छापू नये. पण टिपणातून नाव पुसू नये. एकदा व्यवहाराने गाळलेल्या बाईला आपण दुसऱ्यांदा लाजेने गाळायचे काय?

दूर मुलखात राहिलेल्या आपल्यासारख्यांना याची गरज अधिक आहे. आपण मूळ पुरुषाच्या गावाकडे पाहत राहतो, पण आपल्या घरातली मराठी टिकवली ती त्या गावाने नाही. नोकरी करणारे पुरुष दरबारात फारसी, उर्दू, हिंदी, गुजराती किंवा कानडी बोलत होते. घरात ओव्या, आरत्या, उखाणे, हळदीकुंकू आणि मेतकूट-भात पुढच्या पिढीला दिला तो माहेराहून दोनशे-तीनशे कोसांवर आलेल्या मुलींनी. आज या सभागृहात आपण मराठीत बोलतो आहोत ते त्यांच्यामुळे. आणि त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

म्हणून माझी आपल्याला एकच विनंती आहे. येत्या महालयापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ बसावे. तिला सासरचे नव्हे, माहेरचे विचारावे. तिचे पाळण्यातले नाव, तिच्या आईचे नाव, तिच्या आजीचे गाव. एका पानावर तारीख घालून लिहावे, भांड्यांवरची नावे आणि तर्पणाचे टाचण यांची छायाचित्रे जोडावीत, आणि त्याची एक प्रत आपल्या या संस्थेकडे ठेवावी. शंभर घरांची अशी शंभर पाने जमली तर ती एकमेकांशी जुळू लागतील. एका घरातली हरवलेली लेक दुसऱ्या घरातली बेनाम सून म्हणून भेटेल. त्या वृद्ध बाईंच्या स्मरणात जे आहे ते कोणत्याही दफ्तरात नाही, आणि दफ्तरासारखे ते थांबून राहणारही नाही.